आधी चप्पल, मग कापड: सेंडऑफचा ड्रेस निवडण्याचा क्रम

सेंडऑफला चार दिवस उरलेले असताना आई आणि मुलगी पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या राहतात. पिशवीत गाऊन असतो. मुंढ्यात म्हणजे काखेशी घट्ट, कंबरेत सैल, खाली चार बोटं लांब. "काकू, काहीतरी करा ना." नाशिकच्या सिडकोत शिवणकाम सुरू केल्यापासून एकही जानेवारी अशा पिशवीवाचून गेलेली नाही. बहुतेक वेळा गाऊन महागातला असतो, रंगही छान असतो. चूक असते ती क्रमात. आधी गाऊन घेतला, मग चप्पल, मग आतले कपडे आणि सगळ्यात शेवटी शाळेची सूचना वाचली.

हा क्रम उलटा करायचा आहे. दहावी-बारावीच्या निरोप समारंभाला, त्यानंतरच्या नाचगाण्याला घालायचा पोशाख म्हणजे गाऊन, घागरा, अनारकली किंवा साडी, काहीही असो. खालच्या पायऱ्या आहेत त्याच ओळीने करा. हातात पाच आठवडे ठेवा. पौषात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, त्यामुळे त्या दिवसांत शिंप्याचे हात थोडे मोकळे असतात. माघातल्या लग्नांची ब्लाउजं एकदा येऊन पडली की तुमच्या गाऊनचा नंबर मागे जातो.

१. सूचना वाचा आणि संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा

शाळेने पाठवलेला मेसेज पूर्ण वाचा. काही शाळा फक्त साडी किंवा पंजाबी ड्रेस सांगतात, काही ठिकाणी बाह्या हव्यातच असा नियम असतो. "वर्गातल्या सगळ्या गाऊन घालणार आहेत" ही ऐकीव माहिती झाली. वर्गशिक्षकांना एकदा विचारून घ्या.

मग पुढच्या गोष्टी वहीत लिहून काढा:

- कार्यक्रम कुठे आहे? शाळेच्या सभागृहात, मैदानावर की गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर? गवतावर पेन्सिल हील आत रुतते आणि पायाला मुरड येते.
- किती वाजता संपणार? जानेवारीच्या शेवटी नाशिकला सूर्य कलला की अंगावर काटा येतो. उघड्या लॉन्सवर तर जास्तच.
- नाच बसवलेला आहे की सगळ्यांनी मिळून मोकळा नाच? गिरक्या, खाली बसणं, हात वर नेणं यातलं काय काय आहे?
- येणं-जाणं कशाने? दुचाकीवर मागे बसायचं असेल तर जमिनीला टेकणारा घेर मागच्या चाकात अडकू शकतो.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि तोच सगळ्यात धोक्याचा आहे. रिक्षाने किंवा गाडीने जाणार असाल तरच जमिनीला टेकणारा घेर निवडा.

तपासा: नियम, जागा, वेळ, नाच, वाहन. पाचही उत्तरं लिहून झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका. ऑनलाइनही काही मागवू नका.

२. आतले कपडे आणि चप्पल आधी ठरवा

आतले कपडे बदलले की छातीचं माप बदलतं, कधी अर्धा इंच, कधी दीड. छातीचा उंचवटा वर-खाली सरकतो आणि टक्स, म्हणजे उंचवट्यासाठी शिवलेल्या चिमट्या, चुकीच्या जागी येतात. मग पुढे चोच निघाल्यासारखं दिसतं. पुष्कळ मुली माप द्यायला शाळेची स्पोर्ट्स ब्रा घालून येतात आणि कार्यक्रमाला पॅडची घालतात. मग ड्रेस बिघडला म्हणतात.

कार्यक्रमाला जी घालणार तीच ब्रा माप देताना, प्रत्येक ट्रायलला आणि शेवटच्या इस्त्रीनंतर घालून बघताना अंगात हवी. मागचा गळा खोल ठेवायचा असेल तर शिंप्याला कप आतच शिवून द्यायला सांगा. मात्र हे कापण्याआधी सांगायचं, शिवून झाल्यावर नाही. घागरा किंवा गाऊनच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती शॉर्ट्स घाला. मांड्या घासत नाहीत आणि गिरकी घेताना मन मोकळं राहतं.

आता चप्पल. नवी घेणार असाल तर संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. टाच रुंद असलेली किंवा वेज निवडा, दीड-दोन इंचांपेक्षा उंच नको. घरात रोज अर्धा तास घालून चाला. सपाट मोजडीही चालते, पण ठरवायचं आत्ता, कारण ड्रेसची उंची या चपलेवरून काढायची आहे.

सावधान: "हील नंतर बघू" म्हणून अनवाणी उंची मोजली की गाऊन एक तर घोट्याच्या वर लटकतो, नाही तर पायात येतो.

३. मापं घ्या, स्वतःची स्वतः नको

स्वतःचं माप घेताना हात वर जातो, पाठ वाकते आणि टेप मागून खाली घसरते. आईला, मावशीला किंवा मैत्रिणीला घ्यायला लावा. अंगात पातळ, अंगाबरोबरचा कपडा असू द्या.

- छाती: सर्वांत भरलेल्या जागेवरून, टेप पाठीमागे सरळ. श्वास रोखू नका.
- कंबर: बाजूला वाका, जिथे घडी पडते ती खरी कंबर. घागऱ्याची नाडी मात्र बेंबीच्या खाली बांधतात, ते माप वेगळं लिहा.
- सीट, म्हणजे नितंबांचा घेर: उभं राहून एकदा, खुर्चीवर बसून एकदा. बसल्यावर माप वाढतं. अंगाबरोबरचा गाऊन बसलेल्या मापावर शिवायचा.
- मुंढा आणि दंड: हात खाली सोडून, मग हात वर करून.
- उंची: ठरवलेली चप्पल पायात घालून, खांद्यापासून जमिनीपर्यंत. त्यातून एक इंच वजा. नाचायचं असेल तर दोन इंच.

न ताणणाऱ्या कापडात छातीला मापापेक्षा साधारण दोन इंच आणि कंबरेला एक इंच सैलपणा लागतो. श्वास घ्यायला, जेवायला, हसायला जागा नको का?

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या वयात अंग महिन्या-दोन महिन्यांतही बदलतं. दिवाळीतलं माप जानेवारीत चालत नाही. पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस पोट फुगलेलं असतं, तेव्हा कंबरेचं माप जास्त येतं. कार्यक्रम त्याच दिवसांत येतोय का हे कॅलेंडरवर बघा आणि येत असेल तर कंबरेला इंचभर जागा जास्त ठेवा, किंवा मागे नाडी घ्या.

आणि माप घेताना आकडे मोठ्याने बोलून त्यावर शेरे मारू नका. "बाई, वाढलीस गं" हे एक वाक्य सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहतं. मी आकडे गुपचूप कागदावर लिहिते.

४. रेषा कुठे पडते ते बघा

"मी जाड आहे, मला काय शोभेल?" "मी बुटकी आहे, मला गाऊन बरा दिसेल का?" असे प्रश्न मला रोज येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: कपड्यात रेषा कुठे पडते ते बघू. बाही जिथे संपते, कंबरेची शिवण जिथे येते, घेर जिथे सुटतो, काठ जिथे सुरू होतो, तिथे तिथे एक आडवी रेषा तयार होते. बघणाऱ्याची नजर त्या रेषेवर थांबते. कोणती रेषा कुठे आणायची एवढंच आपल्याला ठरवायचं असतं.

बाही. दंडाच्या सर्वांत भरलेल्या जागी बाही संपली की दंड आहे त्याहून रुंद दिसतो. तीच बाही दोन इंच खाली, कोपराच्या जरा वर आणली की हात सडपातळ दिसतो. कोपर आणि मनगट यांच्या मधे संपणारी पाऊणबाही तर जवळजवळ सगळ्यांना शोभते. बिनबाह्यांचं हवं असेल तर मुंढ्याचा काप बघा. फार आत कापला तर काखेतली वळी बाहेर येते, खाली सैल राहिला तर आतलं दिसतं. आरशासमोर हात पुढे करून, मागे नेऊन दोन्ही बाजू बघा.

कंबरेची शिवण. ती बरगड्या संपतात तिथे, अंगाच्या सर्वांत निमुळत्या जागी हवी. रेडीमेड गाऊन एका ठरावीक उंचीवर बेतलेले असतात. पाच फुटांच्या मुलीवर ती शिवण पोटावर उतरते आणि पोट दिसू लागतं. त्यात पोटाचा काही दोष नाही. दोन्ही खांद्यांवरून अर्धा-पाऊण इंच उचलून घेतला की तोच गाऊन जागेवर बसतो. दुकानातच दोन्ही खांदे चिमटीत धरून वर उचला. लगेच फरक दिसला तर गाऊन घेण्याजोगा आहे.

घेर. कंबरेपासून चुण्या घातलेला घेर मांड्यांशी फुगतो. कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद तुकड्यांचा घेर वर सपाट बसतो आणि खाली उमलतो. नाचायला आणि दिसायला कळीदार केव्हाही सरस. कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारी आतली कडक जाळी, लावायचंच असेल तर गुडघ्याच्या खाली लावा, वर लावलं तर खुर्चीत बसता येत नाही.

लांबीचं प्रमाण. वरचा आणि खालचा भाग निम्मा-निम्मा झाला की अंग दोन तुकड्यांत दिसतं. चोळी आखूड आणि घागरा लांब, किंवा कुर्ता लांब आणि खाली थोडीशी सलवार, असं एक भाग लहान, दुसरा मोठा ठेवा. बुटक्या मुलीने दहा इंची रुंद काठाचा घागरा घेतला तर तो काठच उंची खातो. तिला तीन-चार इंचांचा काठ पुरे.

गळा. चेहरा गोल आणि मान आखूड असेल तर व्ही किंवा पानाचा गळा घ्या. मान लांब असेल तर बंद गळा, बोट नेक छान दिसतो. गळ्याची खोली खाली वाकून तपासा. सेंडऑफला शिक्षकांच्या पाया पडायचं असतं, तेव्हा दर वेळी हात छातीशी न्यावा लागला तर मुलगी रात्रभर अवघडलेली राहते.

तपासा: फोन छातीच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर कुणाच्या तरी हातात देऊन पुढून, बाजूने आणि पाठीमागून फोटो काढा. जवळून घेतलेल्या सेल्फीत जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान दिसतो, तिच्यावरून काही ठरवू नका.

५. विकत, शिवून, भाड्याने की आईची साडी

पाच आठवडे हातात असतील तर शिवून घ्या. तीन असतील तर रेडीमेड घेऊन मापात बसवा. त्याहून कमी असतील तर भाड्याने किंवा घरातली साडी. भाड्याच्या कपड्यात काखेतले डाग, चेन आणि निघालेली टिकली घेतानाच फोटो काढून दुकानदाराला दाखवा, म्हणजे परत देताना अनामतीवरून वाद होत नाही. तो कपडा कापायचा नसतो. कमी करायचं ते हाताच्या धावदोऱ्याने, जो नंतर उसवता येतो.

आईची पैठणी नेसायची असेल तर आधी ती उजेडात पूर्ण उलगडा. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे घरोघरी कपाटात एखादी असतेच. पण वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम त्या घडीवरच चिरतं. घडीच्या रेषेवर विरळ दिसलं तर ती साडी नाचायला नेसू नका. पहिल्यांदा साडी नेसणाऱ्या मुलीला जड जरीपेक्षा हलकी जॉर्जेट किंवा मऊ रेशमी साडी सांभाळायला सोपी. फॉल-पिको आधीच करून घ्या. परकर पायाशी अरुंद नको, गुडघ्याखाली थोडा घेर असलेला हवा, नाही तर पाऊल पुढे पडत नाही. ब्लाउज आईचाच आवळून वापरला तर खांदा उतरतो. नवा शिवा. साडेपाच मीटरच्या साडीला पाऊण मीटरच्या आसपास ब्लाउजपीस जोडलेला असतो, पण लांब बाह्या हव्या असतील तर तो पुरत नाही.

६. कापड आणि रंग

आता कुठे बाजारात जायचं. मेन रोड, शालिमार, महात्मा गांधी रोड फिरायला रविवार संध्याकाळ टाळा. मधल्या वारी सकाळी जा. दुकानदाराला वेळ असतो आणि कापड दाराशी उजेडात नेऊन बघता येतं.

४४ इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर मध्यम उंचीच्या मुलीच्या पायघोळ कळीदार गाऊनला साधारण साडेचार ते पाच मीटर कापड लागतं. तेवढंच अस्तर. शिंप्याला विचारून, त्याने सांगितलेला आकडा लिहून मगच घ्या.

- जॉर्जेट: पडतं सुंदर, चुरगळत नाही, नाचायला उत्तम. अस्तर लागतंच.
- सॅटिन: फोटोत चमकतं, पण प्रत्येक सुरकुती दाखवतं. उसवल्यावर सुईची भोकं राहतात, म्हणून त्यात ऑल्टर करणं अवघड. पाण्याचा थेंबही उमटतो.
- मखमल: थंडीत ऊब देते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापलेले हवेत, नाही तर दोन कळ्या दोन रंगांच्या वाटतात.
- नेट आणि टिकल्यांचं काम: काखेजवळ टिकली नको. दोन गाणी होईपर्यंत कातडी सोलवटते.

अस्तरात काटकसर करू नका. हलकं नायलॉनी अस्तर पायाला चिकटतं आणि घामाने गार पडतं. क्रेप किंवा मऊ सुती घ्या. सुती असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं.

रंगाबाबत गोरी-सावळी हा हिशेब मी करतच नाही. कापड हनुवटीखाली धरा, खिडकीशी उभ्या राहा आणि चेहरा बघा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्त दिसू लागली तर तो रंग नको. चेहरा ताजा दिसला तर हवा. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, बाटली हिरवा हे गडद रंग संध्याकाळच्या दिव्यांत टिकतात. फिके पिस्ता, पीच दुकानात गोड वाटतात आणि पिवळ्या दिव्याखाली मळकट होतात. म्हणून बाहेर उन्हात आणि पिवळ्या दिव्याखाली, दोन्हीकडे बघा.

सावधान: कापडाच्या मागे फोनची टॉर्च धरा. हाताची बोटं दिसली तर फ्लॅशमध्येही सगळं दिसणार.

७. ट्रायल: उभं राहून पुरत नाही

शिंप्याला कच्च्या धावदोऱ्यावर ट्रायल द्यायला सांगा आणि शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडायला सांगा. रेडीमेड घेताना कपडा उलटा करून ही माया मोजा. शिवण कात्रीने अगदी कडेला कापलेली असेल तर तो गाऊन फक्त लहान करता येतो, मोठा करता येत नाही.

ठरवलेली ब्रा, ठरवलेली चप्पल घालून पुढचं सगळं ओळीने करा:

1. दोन्ही हात वर. चोळी छातीवर चढली की मुंढा चुकलाय.
2. खुर्चीत बसा, पाच मिनिटं. पोटाशी शिवण रुतते का?
3. वाका, पाया पडल्यासारखं करा.
4. दोन पायऱ्या चढा-उतरा, हाताने घेर न उचलता.
5. एक पूर्ण गाणं नाचा. लाजू नका. मी माझ्या दुकानात पडदा ओढून गाणं लावते.

नाचून झाल्यावर आरशात बघा. खांदा घसरला का? कंबर फिरली का? नाडी सैल झाली का? उभ्याने छान बसलेला गाऊन या पाचव्या कसोटीत उघडा पडतो.

८. दुरुस्ती, आणि उंची सगळ्यात शेवटी

दुरुस्तीलाही क्रम आहे. आधी खांदे, मग मुंढा, मग छाती-कंबर, मग बाही आणि सगळ्यात शेवटी खालची पट्टी. खांदा उचलला की उंची आपोआप कमी होते. आधी उंची कापून बसलात तर गाऊन आखूडच राहतो आणि त्याला इलाज नाही.

कळीदार जॉर्जेट किंवा शिफॉन हँगरला किमान एक रात्र, जमलं तर दोन, टांगून ठेवावं लागतं. तिरक्या कापाची कापडं स्वतःच्या वजनाने खाली येतात, तीही सगळीकडे सारखी नाही. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीचा गाऊन घाईत त्याच दिवशी तुरपाई करून दिला होता. सकाळी तिच्या आईने टांगलेला गाऊन दाखवला, तर दोन्ही बाजूंच्या कळ्या मधल्यापेक्षा दीड बोट खाली लोंबत होत्या. त्या माउलीने मला एक शब्द लावला नाही. मी बसून पूर्ण घेर उसवला आणि पुन्हा केला. तेव्हापासून मुलीला चप्पल घालून पाटावर उभं करते, जमिनीवरून पट्टीने मोजत गोल फिरून खडूने खुणा करते आणि मगच कापते.

तपासा: चेन वरपर्यंत तीन वेळा लावा-काढा. चेनच्या टोकाला हुक आहे ना? चेन सरकली तर तो हुकच लाज राखतो.

९. रंगीत तालीम आणि ती संध्याकाळ

तीन दिवस आधी पूर्ण तयार होऊन घरात एक तास वावरा. केस, कानातले, ओढणी, सगळं. लटकणारं कानातलं नेटमध्ये अडकतं, ते याच दिवशी कळतं. ओढणी दोन्ही खांद्यांवर पसरून नाचता येत नाही. एका खांद्यावर निऱ्या करून पिन लावा, आणि पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे जॉर्जेट फाटत नाही. साडीला खांद्यावर एक, निऱ्यांना एक, पाठीमागे एक, अशा तीन पिना पुरतात. दहा पिना लावल्या तर साडी ताठरते आणि ताण पडला की फाटते.

थंडीसाठी ड्रेसवर शोभेल अशी शाल किंवा छोटं जॅकेट आजच काढून ठेवा. शेवटच्या क्षणी बाबांचा स्वेटर वरून घातला की सगळी मेहनत झाकली जाते.

छोट्या पाकिटात ठेवा: चार सेफ्टी पिना, ड्रेसच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई, दुतर्फी चिकटपट्टी, पॅड, घोट्याला लावायची पट्टी आणि घडी होणारी सपाट चप्पल. ही सपाट चप्पल परत येतानाच्या वाटेसाठी. ती घालून नाचायचं नाही, कारण उंची हीलवर कापलेली आहे आणि घेर पायाखाली येईल.

अत्तर ड्रेस घालायच्या आधी अंगावर, कापडावर नाही. सॅटिन आणि रेशमावर डाग पडतो. पाणी प्या, जेवा. गाऊन जेवण्याची जागा धरूनच शिवलेला आहे.

घरी आल्यावर कितीही दमलात तरी ड्रेस खुर्चीवर फेकू नका. उलटा करून सावलीत, वाऱ्यावर रात्रभर टांगा. घाम सुकला की मगच धुवायचा की ड्रायक्लीनला द्यायचा ते बघा. पैठणी असेल तर जुन्या घडीवर घालू नका. दोन बोटं सरकवून नवी घडी घाला, मलमलच्या कापडात गुंडाळा आणि आईच्या हातात द्या.